लेबर रूम सुधारायची तर सुरुवात कुठून? आधी बाळंतपणानंतरचे दोन तास बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. महिन्याला शंभरेक बाळंतपणं होणारं छोटं रुग्णालय. सगळ्या सिस्टरांचं ट्रेनिंग झालंय, प्रत्येक केस पेपरला चेकलिस्ट जोडलेली असते आणि ती भरलेलीही असते. तरीही गेल्या काही महिन्यांत दोन बाळंतिणी रक्तस्रावाने इतक्या अत्यवस्थ झाल्या की थोडक्यात वाचल्या. आता थोडा निधी मंजूर झालाय. कुणी म्हणतं नवीन लेबर टेबल घ्या, कुणी म्हणतं मॉनिटर घ्या. गर्दी होते म्हणून नातेवाइकांना आत सोडणं बंद करावं, असंही स्टाफचं म्हणणं आहे. सुरुवात कुठून करावी?

खरेदीच्या याद्या चार दिवस बाजूला ठेवा. एक खुर्ची घेऊन लेबर रूमच्या कोपऱ्यात बसा आणि बाळ बाहेर आल्यापासून पुढचे दोन तास त्या बाईजवळ कोण येतं, किती वेळा येतं आणि येऊन नेमकं काय बघतं, एवढंच टिपा. कुणाला काही सुचवू नका, टोकू नका. वेगवेगळ्या पाळ्यांत, विशेषतः रात्रीच्या पाळीत, असं काही वेळा केलंत की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच वहीत आलेलं असेल.

बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं. बाळ होईपर्यंत टेबलाभोवती चार माणसं असतात. बाळ रडलं, वार पडली, टाके घालून झाले की ती पांगतात. एक जण बाळाचं वजन करायला, एक पेपर पुरे करायला, एक पलीकडच्या टेबलाकडे. बाळंतिणीच्या अंगावर चादर येते, "झोप आता" असं सांगितलं जातं. त्या चादरीखाली अंगावरून किती जातंय, हे बघायला पुढचा माणूस कधी येईल ते त्या पाळीच्या धावपळीवर ठरतं. नंतर केस पेपरवर दर पंधरा मिनिटांची नोंद सापडतेच: 110/70, 110/70, 110/70, नाडी 80. आठही ओळी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. यात सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. दोघी मिळून पाच बायका सांभाळत असतील, तर दर पंधरा मिनिटांची नोंद कागदावरच होणार. पण तुमच्याकडच्या त्या दोन्ही बाळंतिणी अत्यवस्थ झाल्या त्या बहुधा याच वेळात, असा माझा अंदाज आहे. पेपर काढून वेळा तपासून बघा.

2023 मध्ये जगभरात सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रक्तस्राव हे त्यातलं सगळ्यात मोठं एकटं कारण, एक चतुर्थांशाहून जास्त. इतर मोठ्या कारणांत वाढलेला रक्तदाब आणि झटके, तसंच जंतुसंसर्ग येतो. यातल्या एकाही आजाराचं औषध नवीन किंवा दुर्मीळ नाही. 1994 मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी मातामृत्यूमागचे तीन उशीर मांडले: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, तिथं पोचण्यातला आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. पहिल्या दोन उशिरांवर जगभर खूप काम झालं, बायका दवाखान्यात यायला लागल्या. तिसरा उशीर मात्र आपल्या भिंतींच्या आतला आहे, आणि तो तासांत नाही, मिनिटांत मोजावा लागतो.

म्हणून पहिलं काम: रक्त मोजायला लागा. डोळ्यांनी अंदाज घेणं बंद. अनुभवी डॉक्टरही रक्तस्राव जितका जास्त तितका तो कमी समजतात. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्यात मिसळलेलं, पॅडमध्ये शोषलेलं रक्त डोळ्याला दिसतच नाही. त्यात "बाळंतपणात थोडं जायचंच" ही आपली सवय.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेला ई-मोटिव्ह हा अभ्यास या बाबतीत लेबर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली 80 रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त नैसर्गिक बाळंतपणं. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत, निम्म्यांत मोजपट्टीची प्लास्टिक पिशवी आणि ठरावीक उपचारांचा एक संच. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी सुमारे 51 टक्केच वेळेत ओळखल्या गेल्या, पिशवी वापरली तिथं 93 टक्के. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं. या क्षेत्रात असे आकडे क्वचित बघायला मिळतात. आणि त्यासाठी एकही नवं औषध लागलं नाही.

ही पिशवी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं एक कापड. वरचा भाग बाईच्या कमरेखाली सरकवायचा, खालचा नरसाळ्यासारखा भाग टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचा. त्यावर मिलिलिटरच्या खुणा आणि 300 व 500 ला ठळक रेषा. लावायची वेळ महत्त्वाची आहे: बाळ बाहेर आल्याबरोबर, गर्भजल वाहून गेल्यावर. आधी लावली तर गर्भजल मिसळून आकडा फुगतो, आणि दोनदा खोटा आकडा आला की स्टाफचा त्यावरचा विश्वास उडतो. दर पंधरा मिनिटांनी पिशवीकडे बघताना पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का तेही बघायचं, नाडी आणि बीपी घ्यायचं. पिशव्या मिळेपर्यंत वजनकाटा वापरा. कोरी पॅड आणि कोरं कापड यांचं वजन आधीच भिंतीवर लिहून ठेवा, भिजल्यावर परत तोला, वजाबाकी करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

500 ला रेषा ओलांडली की उपचार सुरू. 300 झालं आणि सोबत नाडी वाढलेली, बीपी उतरलेलं, गर्भाशय मऊ, गाठी पडताहेत किंवा धार थांबत नाही, यातलं काहीही एक असेल तरी सुरू. बीपीची वाट बघत बसू नका. तरुण, धडधाकट बाई बराच वेळ बीपी धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. नाडी आधी बोलते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याजवळ येऊन ठेपला (नाडी 100 आणि बीपी 100, असं) तर ती बाई बरी दिसत असली तरी बरी नाही.

सुरू करायचं म्हणजे सगळं एकदम. आपली जुनी सवय पायरीपायरीने जायची: पोट चोळा, बघू, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं औषध) द्या, बघू, सलाईन वाढवा, बघू. प्रत्येक "बघू"मध्ये दहा-पंधरा मिनिटं जातात. संचामध्ये गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड (रक्ताच्या गाठी टिकवून रक्तस्राव कमी करणारं औषध), सलाईन, मूत्राशय रिकामं करणं आणि रक्त नक्की कुठून येतंय याची तपासणी, हे पहिल्या पंधरा मिनिटांत एकत्र होतं. तेवढ्यानं थांबलं नाही तर वरच्या डॉक्टरांना बोलवायचंच, विचारत बसायचं नाही. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडबद्दल अजूनही ठिकठिकाणी "शेवटी देऊन बघू" असं ऐकू येतं, ते उलटं आहे. 2017 च्या वुमन अभ्यासात, 21 देशांतल्या वीस हजारांहून जास्त स्त्रियांमध्ये, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलेल्या एक ग्रॅम डोसने रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. तीन तासांनंतर दिलेल्याचा उपयोग दिसला नाही, आणि मधल्या प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा घटत जातो.

ऑक्सिटोसिनबद्दल दोन गोष्टी. ते 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायचं औषध आहे. सकाळी ट्रेमध्ये काढून ठेवलेली अँप्युलं दुपारभर उकाड्यात राहिली तर रात्री त्यात किती ताकद उरली असेल सांगता येत नाही. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा आणि पाळी बदलताना वाचून सही करा. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. कळा वाढवण्यासाठी सर्रास सलाईनमधून ऑक्सिटोसिन लावण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं एक कारण तुम्हीच तयार करताय. तासन्‌तास त्या औषधाच्या माऱ्याखाली राहिलेलं गर्भाशय नंतर त्याच औषधाला नीट दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यावर धरायचा, आणि तासाला एक सेंटीमीटर हा सगळ्यांना लावायचा नियम नव्हे. आई आणि बाळ ठीक असतील तर थांबणं हासुद्धा उपचारच आहे. वरून पोट दाबून बाळ काढणं तर पूर्ण बंद करा. प्रत्येकीला सरसकट कापून टाके घालणंही बंद करा, तेही रक्तच वाया घालवतं.

आता कपाटाकडे. आणीबाणीचं औषध "आहे" आणि "हाताशी आहे" यात केवढं अंतर असतं, हे मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटवरून दाखवतो. झटक्यांवर आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, हे 2002 च्या मॅगपाय अभ्यासापासून निर्विवाद आहे. त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण प्रिचर्ड पद्धतीचा (शिरेतून आणि कुल्ल्यांत मिळून द्यायचा) पहिला डोस तयार करायला काय लागतं बघा. 50 टक्क्यांची, 2 मिलिलिटरची एक अँप्युल म्हणजे 1 ग्रॅम. शिरेतून 4 ग्रॅम, म्हणजे चार अँप्युलं, त्यात 12 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून 20 मिलिलिटरची सिरिंज. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, म्हणजे आणखी दहा अँप्युलं आणि दोन मोठ्या सिरिंजा. एकूण 14 अँप्युलं फोडायची, समोर बाई झटके देतेय, नातेवाईक ओरडताहेत, आणि हिशेब डोक्यात करायचा. अशा वेळी डोस चुकतो, नाहीतर भीतीपोटी दिलाच जात नाही आणि बाई तशीच पुढे पाठवली जाते.

उपाय साधा आहे. एक पारदर्शक डबा. त्यात मोजून 14 अँप्युलं, पाणी, तिन्ही सिरिंजा, सुया, लिग्नोकेन (जागा बधिर करायला), कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा), गुडघ्याची हातोडी, आणि झाकणाच्या आत चिकटवलेला कृतीचा कागद. त्याच कागदावर पुढचा डोस देण्याआधीच्या तीन तपासण्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त आहे का, लघवी तासाला निदान 30 मिलिलिटर आहे का. डब्याला कागदी सील लावा, फुटलेलं दिसलं की भरायचा. कुलूप नको. कुलपाची किल्ली नेहमी घरी गेलेल्या माणसाच्या पर्समध्ये असते. असाच दुसरा डबा रक्तस्रावाचा करा.

आणि मग सराव. वर्गात बसून स्लाइड बघण्याचा नाही, तुमच्याच लेबर रूममध्ये, तुमच्याच कपाटांसह, न सांगता घेतलेला. रात्री नऊला पाळी बदलताना एखाद्या सिस्टरला टेबलावर झोपवा आणि म्हणा, "हिचं 600 मिलिलिटर गेलंय, अजून जातंय." घड्याळ लावा. हाक कोणी मारली, दुसरी सलाईन किती मिनिटांत लागली, ट्रॅनेक्झॅमिक कुठून आलं, वेळा कोण लिहीत होतं, रक्तपेढीला फोन कोणी केला. पहिल्या सरावात गोंधळच होईल. व्हायलाच हवा, त्यासाठीच सराव. पंधरा मिनिटांचा सराव, दहा मिनिटांची चर्चा, दर महिन्याला एक. यात डॉक्टरांनीही उतरायचं, नुसतं बघत उभं राहायचं नाही.

तुमच्या चेकलिस्टबद्दल माझं मत थोडं कडक वाटेल. सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टची मोठी परीक्षा उत्तर प्रदेशात झाली, बेटरबर्थ नावाने, आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. चेकलिस्टसोबत प्रशिक्षक येत होते तोवर कामाची पद्धत ठळकपणे सुधारली, ते जाऊ लागल्यावर ती सुधारणा ओसरू लागली. आणि माता व नवजातांच्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. यावरून चेकलिस्ट फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण कागद विचारतो, "केलंत का?" आणि त्याला "हो" म्हणायला काही लागत नाही. पिशवीवरची 500 ची रेषा कुणाच्या उत्तराची वाट बघत नाही. ती ओलांडलेली खोलीतल्या प्रत्येकाला दिसते आणि त्यापुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. चेकलिस्ट ठेवायची तर ती भरण्याच्या वेळा पाळा: दाखल होताना, कळा द्यायच्या आधी, बाळ झाल्यावर तासाभरात, घरी सोडताना. ड्यूटी संपताना एकगठ्ठा भरलेली चेकलिस्ट नसलेली बरी, कारण ती खोटा दिलासा देते.

जंतुसंसर्गावर लांबण लावत नाही. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराचे (बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाच्या तापाचे) मृत्यू झपाट्याने खाली आले. तुम्ही फक्त एवढं बघा की बेसिन टेबलापासून किती पावलांवर आहे, नळ कोपराने उघडतो का, आणि पाणी चोवीस तास आहे का. सिझेरियन असेल तर अँटिबायोटिक चिरा देण्याआधी गेलंच पाहिजे, नंतर नव्हे.

पुढे पाठवण्याचं म्हणाल, तर तुमच्याकडे शस्त्रक्रियेची सोय नसेल तेव्हा निर्णय लवकर आणि फोन आधी. मॅगसल्फचा पहिला डोस देऊनच पाठवा, रक्तस्राव असेल तर सलाईन आणि ट्रॅनेक्झॅमिक सुरू करून, कॅथेटर घालून, शक्य असेल तर अँटी-शॉक गारमेंट (पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख) चढवून, सोबत सिस्टर देऊन. चिठ्ठीवर औषधांसोबत दिल्याची वेळ लिहा. "मॅगसल्फ दिले" एवढंच वाचून पुढच्या डॉक्टरला पुढचा डोस कधी द्यायचा ते कळत नाही. आणि रक्ताची मागणी केल्यापासून पिशवी हातात पडेपर्यंत तुमच्याकडे किती मिनिटं लागतात, हे एकदा मोजून भिंतीवर लिहा. तो आकडा पाहिला की निर्णय आपोआप लवकर घेतले जातात.

नातेवाइकांचं. गर्दी नको हे मान्य, पण त्यावर बंदी हा उपाय नाही. प्रत्येकीसोबत तिने निवडलेलं एक माणूस, आणि टेबलांमध्ये पडदे. निधी कुठे खर्च करायचा विचारलंत ना, तर मोजपट्टीच्या पिशव्या, चालू स्थितीतली बीपी मशीन, फ्रिजचा थर्मामीटर, मोठं भिंतीवरचं घड्याळ आणि हे पडदे. ज्यांच्यासोबत सतत कुणीतरी असतं अशा बायकांचं बाळंतपण नैसर्गिक होण्याचं प्रमाण वाढतं आणि सिझेरियन घटतं, हे कॉक्रेन या संस्थेच्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात वारंवार दिसलंय. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा त्या दोन तासांतला आहे. सोबतच्या बाईचा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवा आणि दाखवा: "मावशी, हा गोळा असा कडक लागला पाहिजे. मऊ लागला, पॅड लगेच भिजलं, हिला गरगरायला लागलं, तर आम्हाला मोठ्याने हाक मारा. ओरडलात तरी चालेल." ही बाई सिस्टरच्या जागी नाही, तिच्यावर जबाबदारी टाकू नका, पण दोन सिस्टर आणि पाच बाळंतिणी असतील तिथं ती एकमेव व्यक्ती आहे जी सतत त्या बाईकडे बघतेय. ज्या बाईवर कुणी खेकसलंय ती "मला कसंतरी होतंय" हे सांगायला कचरते, हेही स्टाफला सांगून ठेवा.

राहिला आढावा. थोडक्यात वाचलेल्या प्रत्येक बाईचा पेपर दोन दिवसांत उघडा. नावं न घेता, फळ्यावर फक्त वेळा लिहा: बाळ कधी झालं, पहिली खूण कधी दिसली, हाक कधी गेली, औषध कधी पोचलं, मधली पोकळी कुठे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1952 पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, आणि ती टिकली ती कुणाला पकडण्यासाठी नसल्यामुळे. पहिल्याच बैठकीत कुणाला मेमो दिलात तर दुसऱ्या बैठकीपासून सगळे पेपर स्वच्छ, 110/70 चे येतील.

एक इशारा आत्ताच देऊन ठेवतो. मोजायला लागलात की पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तस्रावाच्या नोंदी वाढतील, कदाचित दुप्पट होतील, आणि वरून विचारणा येईल की निधी देऊनही आकडे बिघडले कसे. तेव्हा त्यांना दुसरे आकडे दाखवा: एक लिटरवर किती जणी गेल्या, किती जणींना रक्त चढवावं लागलं, किती जणींचं पोट उघडावं लागलं, आणि रेषा ओलांडल्यापासून ट्रॅनेक्झॅमिक मिळेपर्यंत किती मिनिटं गेली. आधीचे आकडे तुमच्याकडे असले तरच ही तुलना करता येईल, म्हणून गेल्या सहा महिन्यांचे पेपर याच आठवड्यात काढून बसा.